अखर्चित

इमारतीला दोन रंग आहेत.
खाली पुराचा, वर महापालिकेचा.
मधली रेघ कुणी आखलेली नाही,
तरी मापनाच्या धड्याला तिच्याजवळच उभं करतो पोरांना:
चौथीतली प्राप्ती यंदा पाण्याखाली आठ बोटं.

शाळा क्रमांक बावीस, हळदीच्या गोदामांमागं, सांगली.
पट एकसष्ट. शिक्षक तीन मंजूर, दोन हजर,
त्यातली एक मी, प्रभारी.
म्हणजे खुर्ची माझी नाही, किल्ल्या माझ्या.

पट साठावर आला की तिसरी जागाही जाते,
म्हणून जूनमध्ये मी हमालांच्या, पोती शिवणाऱ्यांच्या दारात उभी असते
एकसष्टावं पोर मागत.
मिळतं. कुणाच्या तरी मेहुणीचं, विट्याहून आलेलं.
त्याला साधा खोकला झाला
तरी माझ्या पोटात गोळा येतो.

अनुदान आलं एकतीस मार्चला,
दुपारी चार चाळीसला, पोर्टलवर, पंचवीस हजार.
रात्री बाराच्या आत खर्च दाखवायचा होता.
स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहिलं
जत्रेतल्या पाळण्यासारखं, कुणालाच उतरू न देता.
मगदूम साहेब फोनवर म्हणाले, बाई, प्रयत्न करत राहा.
मी केले. घरी भात करपला.
बाराला पैसे परत गेले.

मुलींच्या मुतारीचं दार
शिकलगारांनी आधीच बसवून दिलं होतं, माझ्या शब्दावर.
दिसले की वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सारून सलाम करतात,
मागत नाहीत.
हल्ली मी गणपती पेठेतून वळसा घालून येते.

जुलैत पडताळणी.
अक्षर, शब्द, वाक्य, उतारा.
आलेल्या मॅडम चांगल्या होत्या, घड्याळ वाईट होतं.
प्राप्ती ऐवळे "आश्चर्य" या शब्दापाशी थांबली
आणि मिनिट संपलं.
तक्त्यात ती वाक्यावर राहिली. शाळा लाल रकान्यात.
कमी संपादणुकीबाबत सात दिवसांत खुलासा सादर करावा.

मी खुलासा लिहिला. खोडला.
शाळा क्रमांक एकोणीसचा मागून आणला, तारीख बदलली.

शनिवारी व्यवस्थापन समिती.
अध्यक्ष शेवंता ऐवळे, हळद निवडून थेट आलेल्या,
नखांच्या कडा पिवळ्या.
इतिवृत्त मी आदल्या रात्रीच लिहून ठेवलेलं,
नेहमीसारखं: सविस्तर चर्चेअंती, सर्वानुमते.
एरवी त्या अंगठा उठवतात, चहा घेतात, जातात.
आज म्हणाल्या, "थांबा जरा. पोरगी वाचंल."

प्राप्ती उभी राहिली. बोट ओळीखाली.
"सदर अनुदान हे... अ... अख... अखर्..."

कुणाकडं घड्याळ नव्हतं.
बाहेर टेम्पो मागं येत होता, कुणीतरी ओरडत होतं, येऊ दे, येऊ दे.
भिंतीवर पाल होती, तीही थांबलेली.

"अखर्चित. अखर्चित राहिल्याने शासनास परत."

"म्हंजी काय गं?"
"पैसं आलं हुतं. खर्चलं न्हाईत."
"कुणी?"

पोरीनं वहीत पाहिलं, मग पान उलटून पाहिलं,
मग माझ्याकडं.
कुणी, ते वाक्यात नव्हतं.
परवाच फळ्यावर लिहून घेतलं होतं मी त्यांच्याकडून:
क्रिया करणारा तो कर्ता. कर्त्याखाली रेघ मारा.

शेवंताबाईंनी शाईच्या डबीवरचा अंगठा मागं घेतला,
पदराला पुसला, शाई लागलेली नसताना.
"त्येवढं लिवा. मग उठवते."

ओळीच्या शेवटी जागा होती, तीन-चार शब्दांची.
मी पेनाचं टोपण काढलं.
पोर्टलला आडनाव नसतं.
मगदूम साहेबांचं लिहावं, तर त्यांच्याही वर कुणी आहे,
त्याच्या वर कुणी, आणि सगळ्यात खाली सही माझी.
माझंच लिहावं, तर दाराचे पैसे चौकशीत येतील
आणि शिकलगारांना कचेरीत बोलावतील.

चहा निवत होता.
प्राप्ती उभीच होती, मोकळ्या जागेखाली बोट ठेवून,
शब्द उमटेल तसा वाचायला.