दहा नंबरचा बॉल

आधी मनगट दुखायचं. ते निदान कळायचं:
दहा पौंडांचा गोळा, तीन भोकं,
आणि बावीस वर्षं नोटा मोजलेला हात.
प्रज्वल म्हणाला, काउंटरमागून बूट देता देता,
"वैरागडे मॅडम, पट्टा घ्या. पत्तीवाला.
मनगट हाललंच नाही पाहिजे."

घेतला. सीताबर्डीत, सर्जिकलच्या दुकानात,
कमोड खुर्च्या आणि गुडघ्यांच्या मोज्यांमधून काढून दिला त्यानं.
साडेआठशे. कातडीच्या रंगाचा.
कोणाच्या कातडीच्या, माझ्या तर नाही.

नवतपा चालू होता. घरचा कूलर
हवेऐवजी नुसता आवाज फेकत होता.
खरं सांगायचं तर मला हा खेळ थंडाव्यापायी लागला:
वर्धा रोडवरच्या मॉलचा दुसरा मजला, सहा लेन,
मंगळवारी अर्ध्या पैशात,
आणि टोकाला दहा पांढऱ्या बाटल्या
ज्या पाडल्या तर कोणी रागवत नाही,
वरून यंत्र उतरतं आणि झाडून नेतं.
घरी काहीही सांडलं की मीच झाडते.

तीन वेल्क्रो. फर्र, फर्र, फर्र.
मनगट ताठ,
शाळा तपासायला साहेब आल्यावर
मॉनिटर उभा राहतो तसं.
पहिल्या गेमला एकशे बारा. दुसऱ्याला एकशे एकतीस.
सासूबाईंना फोन करून सांगावंसं वाटलं,
इतकी मी खूश.
मग पट्टा ऑफिसलाही घालायला लागले, स्कूटीवरही.

चौथ्या मंगळवारी बोटं.
मधलं, आणि त्याच्या शेजारचं,
ज्याला कोणी नाव ठेवलं नाही
म्हणून अनामिका म्हणतात.
सकाळी ब्रश मुठीत राहीना.
वरणाची वाटी, जी मी आयुष्यभर न बघता उचलली,
ती बघून उचलायला लागले.
रहाटे कॉलनीच्या सिग्नलला ब्रेक दाबला
तो देवाच्या नावानं.

धंतोलीत डॉक्टर हुमेरा. तिनं पेर दाबलं.
मी आवाज केला नाही, खुर्चीनं केला.
"मनगटाला सुट्टी दिली तुम्ही," ती म्हणाली,
"मग त्याचं काम कोण करून राहिलं?"
आमच्या ब्रँचमधले झाडे रजेवर गेले
की त्यांची लाइन माझ्या लाइनला जोडतात.
तेव्हा हे कोणी विचारत नाही.

आणि प्रज्वल, एकवीस वर्षांचा, कानात बाळी,
तीन मंगळवार नुसता पाहत होता, शेवटी म्हणाला,
"मॅडम, तुम्ही बॉल सोडतच नाही.
तो तुमच्या हातून पळून जाते.
एवढं आवळून कायले धरता?"

काय सांगू त्याला.
शंभराची एक नोट कमी भरली तर पगारातून.
बावीस वर्षं माझ्या हातातून जे गेलं
ते सही करून गेलं.

काल पट्टा पर्समध्ये ठेवला.
आठ नंबरचा बॉल घेतला, गुलाबी,
पोरांच्या वाढदिवसांना काढतात तो.
अंगठा आधी, बोटं मागून, प्रज्वल दाखवतो तसं.
गेला सरळ गटरमध्ये. दोनदा.
तिसऱ्यांदा चार बाटल्या.
प्रज्वलनं टाळ्या वाजवल्या नाहीत. बरं केलं.

दुखणं काही गेलं नाही.
मनगट पुन्हा कुरकुरायला लागलं, बोटं तर आहेतच.
पार्किंगमध्ये रात्री आठलाही
सिमेंटमधून ऊन वर येत होतं.
हँडल धरलं तेव्हा दिसलं:
कोपरापर्यंत हात रापून तांब्यासारखा,
आणि मधोमध चार बोटं रुंद
एक गोरी, ओलसर, सुरकुतलेली पट्टी,
जणू तेवढ्या भागानं
या वर्षी उन्हाळा पाहिलाच नाही.

आज सकाळी काउंटर तीन. स्पंज ओला केला.
इतवारीतले मिरचीवाले निनावे
काचेपलीकडून माझ्या ओठांकडे पाहत.
त्र्याहत्तरला बोट अडकलं.
"पुन्हा?" ते म्हणाले.
गड्डी उलटी केली, ठोकून सरळ केली.
जरा सैल धरली.
एक.