शिट्टी घरी ठेवून या

पहिल्याच दिवशी तृप्ती उईके म्हणाली,
मॅडम, उद्यापासून शिट्टी घरी ठेवून या.
गळ्यात होतीच ती, सवयीनं,
रिटायर झाल्यावरही, किल्ल्यांच्या जुडग्यासोबत.
एकतीस वर्षं कवायत घेतली मी.
कस्तुरचंद पार्कवर सव्वीस जानेवारीला
दोनशे पायांचा एक पाय करून दाखवला.
आता माझ्या पोरीच्या वयाची ही बाई
मला उभं राहायला शिकवत होती.

खामल्यातलं समाजभवन, मे महिना,
कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास,
जो इथं येणाऱ्या निम्म्यांना येतच नाही
हे मला नंतर कळलं.
आम्ही नऊ जण. नर्सिंगचा एक पोरगा,
दोघी कथ्थकवाल्या, बँकेतले टेंभुर्णे,
बाकी घरी कंटाळलेले.
खिशात वाळूच्या पिशव्या, गुडघ्यांना पट्टे,
बुटात मूठभर तूरडाळ.
चाला, म्हणाली. दारातून वळा. शर्टाचं बटण लावा.
टेंभुर्ण्यांना हसू फुटलं तशी म्हणाली,
चेहरा दगडाचा ठेवा
आणि शेजारच्याला कळू द्या की मजा येते आहे.
कोणालाच जमलं नाही.

वहीत लिहून घेतलं मी, फळ्यावरच्या अक्षरात:
हात धरायचा नाही, द्यायचा. तळवा वर.
पाय थिजला तर ओढायचं नाही.
मागून बोलायचं नाही.
कूलरपुढची फरशी दर दहा मिनिटांनी पुसायची.
हे शेवटचं काम माझ्याकडे आलं,
पोछ्याच्या काठीसकट.

तिसऱ्या आठवड्यात खरे लोक येणार होते.
खरे म्हणजे, तृप्ती म्हणाली, आपण काय खोटे होतो?

हेडाऊकाका गोळीबार चौकातले,
चाळीस वर्षं हातमागावर.
सून ऑटोतून उतरवून दुकानात गेली.
आत गाणं लागलं, हात वर गेले,
कापणारे हातही, आणि कापणं
त्या गाण्यात कुठं सुरू होतं, कुठं संपतं, दिसेना.
काका मात्र दारातच.
त्या दाराला उंबरठासुद्धा नाही,
फरशीचा रंग बदलतो तिथं, तेवढी एक रेघ.
आणि मी, वही पाठ असलेली मी,
मनगट धरून ओढलं.
चला काका, एक-दोन!
अंग पुढं आलं. पाय नाही आले.
टेंभुर्ण्यांनी सावरलं म्हणून.

तृप्ती काही बोलली नाही.
फक्त माझ्या हाताकडे पाहिलं.
मी सोडला. तळवा वर केला. थांबले.
शाळेत थांबायची ती पोरं,
मी नाही थांबले कधी.
एक गाणं संपलं. दुसरं लागलं.
तळव्याला घाम.
मग सुताच्या तंतूएवढा आवाज आला,
"खटका दे ना, बाई."
कसला?
"धोट्याचा. त्याच्याबिना पाय कसा उठन?"

धोटा मी फक्त पुस्तकात पाहिलेला.
काठी फरशीवर आपटली.
"हळू." पुन्हा आपटली.
"अजून हळू, बापा. सूत तुटन."
तिसऱ्या खेपेला बसला असावा,
कारण डाव्या पायानं
तिथं नसलेली पावडी दाबली,
मग उजव्यानं, मग डाव्यानं,
आणि रेघ ओलांडून ते निघाले सरळ
नाचणाऱ्यांच्या मधोमध,
माझा हात हवेत तसाच ठेवून.
मी काठी वाजवत त्यांच्या मागून.
मागून. वहीत लिहिलं होतं तरी.

शेवटी हजेरीवर सही केली त्यांनी,
सुरुवात मुगाएवढी, शेवट मोहरीएवढा.
चेहरा कोऱ्या कापडासारखा.
न राहवून विचारलं, मजा आली का काका?
"म्हणजे? दिसून नाही राहिली का?"

कूलरपुढं तोवर डबकं साचलं होतं.
दर दहा मिनिटांनी, तृप्ती म्हणाली,
आणि फडकं माझ्याकडे फेकलं.