निरंक

निदानाला आमच्याकडे तारीख नसते,
नुसती तिमाही असते.
जानेवारीत धरलेली कंबर आणि मार्चमधला खोकला
एकाच पोत्यात येतात,
आणि प्रत्येक दुखण्यामागं एक अक्षर:
खात्री असेल तर एक, संशय असेल तर दुसरं,
तिसरं होऊन गेलेल्याचं,
चौथं म्हणजे नाही, हा तो नव्हे.
डॉक्टर बहुतेक वेळा खात्रीचंच टाकतात.
संशय घेऊन बसायला त्यांना वेळ कुठे.

मी ब्रेमेनमध्ये, तिसऱ्या मजल्यावर,
मोबाइल बाहेरच्या कप्प्यात ठेवून यावं लागतं
अशा खोलीत बसून
एकोणीस लाख माणसं मोजते.
नाव नाही, घराचा नंबर नाही.
जन्माचं साल, बाई की पुरुष,
पिनकोडाचे पहिले तीन आकडे,
आणि नावाच्या जागी एक लांबलचक संख्या,
जिचं बोट धरून कुणाच्याही दाराशी जाता येत नाही.
जायचंही नाही. तशी सही करून दिली आहे मी.

प्रश्न साधा होता:
गावातला एकुलता डॉक्टर दवाखाना बंद करतो
तेव्हा त्याचे पेशंट जातात कुठे?

यॉर्नने आलेख काढला.
बंद झाल्यानंतरच्या तिमाहीत
सांधेदुखी कमी झाली. रक्तदाब उतरला.
मधुमेहसुद्धा जरा शहाण्यासारखा वागू लागला.
खर्चाची रेघ उतरणीला.
"बघ," तो म्हणाला, "लोक बरे झाले की."
आम्ही दोघंही हसलो.
आधी तो थांबला, मग मी.

आमच्या तक्त्यात न आलेला माणूस
धडधाकट असतो.
त्याच्यापुढे लिहायचं: निरंक.

रविवारी थेडा मावशीकडे गेले.
समुद्राच्या बांधामागं तिचं विटांचं घर,
बांधावर मेंढ्या, वाऱ्याकडे पाठ करून.
तिनं कपात आधी खडीसाखरेचा खडा टाकला,
वरून चहा. खडा तडकला,
तो आवाज ऐकायला ती थांबली, नेहमीसारखी.
मग साय, चमच्यानं, कडेकडेनं.
ढवळायचं नाही. ढवळलं की ती रागावते.

किटली तिनं दोन्ही हातांनी उचलली होती.
उठताना टेबलाचा काठ धरला,
आणि मी बघितलं हे तिनं बघितलं.

"डॉक्टरकडे गेलीस?"
"झाटहोफ गेला ना रिटायर होऊन. लेकीकडे, दक्षिणेत."
"मग लेरला?"
"लेरला बस शाळेची. सकाळी पोरांबरोबर जायचं,
दुपारी पोरांबरोबर यायचं. सुट्टीत तीही नाही.
आणि कशासाठी, एका गुडघ्यासाठी?
मी बरी आहे, इमके. बिस्किट घे."

मी बरी आहे.
हे वाक्य माझ्या ओळखीचं निघालं.
अकरा हजार ओळींत मी ते पाहिलं आहे,
कोऱ्या खान्यांतून,
तिमाहीमागून तिमाही.

सोमवारी त्या भागाचे तीन आकडे टाकले.
मग जन्मसालाकडे बोट गेलं.
एकोणीसशे... आणि तिथंच राहिलं.
खोलीत फक्त पंख्याचा आवाज, यंत्राच्या पोटातला.
पुसलं.

त्याऐवजी एक नवा रकाना जोडला:
सर्वात जवळचा उघडा दवाखाना, अंतर, किलोमीटरमध्ये.
आणि आणखी एक, बस कधी कधी सुटते.
यॉर्न म्हणाला, हे आपल्या आराखड्यात नव्हतं.
म्हटलं, नव्हतं.
त्यानं खुर्ची जवळ ओढली.

लेख पाठवला. मर्यादांच्या परिच्छेदात
शेवटी एक वाक्य घातलं होतं:
दावा नसणे म्हणजे दुखणे नसणे नव्हे.

काल संपादकांचं पत्र आलं, सभ्य, नेमकं.
या विधानाला संदर्भ कोणता, विचारलंय.
उत्तराला तीन आठवडे आहेत.

किटली दोन हातांनी उचलतात,
याला क्रमांक कुठला द्यायचा,
मी शोधते आहे.