बोतागोझची डोण

सपाट, सपाट, सपाट माळ,
ना कुठे झाड, ना कुठे टेकाड.
वारा निघतो, चालत राहतो,
मैलभर ठोठवायला नाही कवाड.

त्या माळावर एक स्टेशन,
स्टेशनमागे घरं सात.
सातव्या घरात बोतागोझ,
पडलेले तिचे पुढचे दात.

बोतागोझ म्हणजे उंटाच्या पिल्लाचे डोळे.
कझाख आया हे नाव ठेवतात
बाळाचे डोळे टपोरे असले की.
हिचे आहेतच. शिवाय हिच्याकडे
खरोखरचं पिल्लूही आहे.
नाव तोरसुक.
अंगभर लोकर, पोटभर भूक.

अंगणात डोण आहे, उंटांच्या पाण्याची.
"बाबा, हिचा पत्रा आणला कुठून?"
"आणतोय कोण! पडला तो,
मी तुझ्याएवढा असताना, आभाळातून.
रॉकेट वर गेलं,
टरफल खाली आलं,
उंटांच्या पाण्याचं भांडं झालं."

बोतागोझने डोणीभोवती
दोन फेऱ्या मारल्या.
ही वर जाऊन आलेली आहे.
म्हणजे हिला वाट माहीत असणार!

पाणी ओतलं. रजई अंथरली.
खिशात बाउरसाक, गरम, तळलेले.
डोक्यावर पातेलं.
ढकलून, ओढून, एक ढुशी खाऊन
तोरसुकलाही आत बसवलं.
मान मावेना.
राहू दे बाहेर. खिडकी समजू.

दहा, नऊ, आठ...
पुढचे दात नसले की
'सात' म्हणताना शीळ वाजते.
डोणीला वाटलं, निघायची शिट्टी झाली!
सहा-पाच-चार राहिलेच.

सुऽऽऽईं!

स्टेशन झालं काडेपेटी,
रूळ झाले दोन दोरे,
सात घरांचे सात शेंगदाणे,
मेंढ्या म्हणजे तीळ गोरे.

वाटेत एक ढग लागला.
तोरसुकने चाखला.
थुंकला.

मग निळं संपलं.
काळं आलं, इतकं काळं
की डोळे मिटले काय, उघडले काय.
"घाबरलास?"
तोरसुकने कान हलवला.
"मीपण. थोडीशीच."

आणि चंद्र.
सपाट, सपाट, सपाट माळ,
ना कुठे झाड, ना कुठे टेकाड.
"हात्तिच्या! एवढं लांब आलो
आणि पुन्हा आपलंच गाव?"

पण इथे उडी मारली
की खाली येईपर्यंत
एक अख्खा बाउरसाक खाऊन होतो.
तोरसुकने मारली :
चार पाय चार दिशांना,
मदारी खाली, पोट वर,
आणि असा हसला, असा हसला!
(उंट हसताना त्याचे ओठ कुठे जातात
ते पाहिल्याशिवाय कळत नाही.)

बोतागोझने खिशातून
कालच पडलेला दात काढला.
बोटाने खळगा केला, दात पेरला,
वरून धूळ सारखी केली.

तेवढ्यात काळ्याच्या पार पलीकडून
खर्र, खर्र,
"लक्ष द्या. अठ्ठेचाळीस नंबरची गाडी
दोन तास उशिरा येत आहे."

आई! स्टेशनच्या भोंग्यातून!
आईचा आवाज माळ संपेपर्यंत जातो,
आणि माळ तर इथेही आहे.

"लक्ष द्या. डोण ज्या कुणी नेली असेल
तिने ती जागेवर आणून ठेवावी.
उंट तहानले आहेत.
जेवण गार होत आहे."

परत येणं सोपं होतं.
पडायचं कसं, ते डोणीला पाठ होतं.

रात्री आईने विचारलं,
"कालचा दात कुठाय गं?"
"पेरला."
"कुठे?"
बोतागोझने बोट वर केलं.
वर नुसता काळोख, चंद्रच नव्हता.
"उगवेल?"
"माती बरी होती," बोतागोझ म्हणाली.

एक रात्र गेली. काही नाही.
दुसरी गेली. ढग.
तिसऱ्या संध्याकाळी, स्टेशनच्या छपरावर,
पांढरं, बारीक, टोकदार
काहीतरी वर आलेलं.

घरात बाबा चहा ओतत होता.
बाहेर भोंगा खरखरला,
"लक्ष द्या. दात आलेला आहे.
वेळेवर."