असं काही नव्हतंच

वायफायचं चिन्हच गेलंय.
बंद आहे असंही म्हणत नाही लॅपटॉप,
म्हणतो, असं काही नव्हतंच माझ्यात.

घणसोली, रात्रीचा दीड.
निशिगंधाशी बोलणं मंगळवारपासून बंद.
ड्रायव्हर काढला, घातला, चारदा रीस्टार्ट.
शेवटी पालथा घातला,
स्क्रू चहाच्या बशीत,
बॅटरी सोडवून
बटण दाबून धरलं तीस आकडे,
उरलासुरला करंट जाऊ दे म्हणून.
कार्ड होतं की जागेवर!
नुसती काळी वायर उचकलेली.

टक्.

मग उगवले एकेक शेजारी:
मढवी_३०४,
फुकट्यांनो_लांब_राहा,
आणि सगळ्यांच्या वर, भरल्या काड्यांनी,
निशिगंधाचा हॉटस्पॉट.
कुलूप नसलेला.

बशीत एक स्क्रू उरलाय.
सकाळी बघू.