पान अकरा, खालचा कोपरा

त्या संध्याकाळी पान अकरावरची
क्लासची जाहिरात ऐनवेळी रद्द झाली
आणि खालच्या कोपऱ्यात वीस सेंटिमीटरचं भोक पडलं.
एझ्रा साळवे मला त्या भोकासाठी सापडला.

खडकीच्या मैदानावर शाळांचा सामना होता.
अर्धा वेळ मी चहाच्या टपरीवरच होतो.
तिसरा गोल तेवढा पाहिला:
पाठीमागून आलेला चेंडू त्याने थांबवलाच नाही,
नुसती वाट दिली, पाहुण्याला देतात तशी,
आणि मग गोलकीपर बसला होता, चेंडू जाळीत.
चौदा वर्षं. मोज्यांत बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा, शिनगार्ड म्हणून.

मथळा दिला: खडकीचा जादूगार.
जादूगार हा शब्द दोन कॉलमांत नीट बसतो.

आठवड्यात फ्लेक्स लागला,
त्यावर भाऊंचं डोकं मोठं, एझ्राचं लहान.
चॅनेलवाल्यांनी त्याला एकाच कोनाभोवती
सतरा वेळा पळवलं,
उजेड मनासारखा पडेना म्हणून.
आईला विचारलं, लहानपणापासूनच असा का?
ती म्हणाली, अहो, लहानच आहे की.
ते त्यांनी कापलं.

मुरुगन सर, दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
टोपीखाली ओला रुमाल,
मला गोलपोस्टमागे घेऊन गेले.
"वर्षात नऊ सेंटिमीटर वाढलाय पोरगा.
हाडं पुढे पळाली, स्नायू मागून येतायत.
गुडघ्याखाली बोट ठेव, कळवळतो.
आंबा पाडाला आला नाही अजून
आणि तू पेटीवर नाव छापून मोकळा."
वाक्य फार छान होतं.
पुढच्या बातमीत वापरलं,
'जाणकारांच्या मते' असं म्हणून,
आंबा ठेवला, गुडघा गाळला.

सोळाव्या वर्षी बालेवाडीत निवड चाचणी.
दोन्ही गुडघ्यांना पट्ट्या, कॅमेरे सहा.
पहिलाच चेंडू त्याच्या नडगीला लागून बाहेर गेला.
दुसरा त्याने मागितलाच नाही.
मी लिहिलं: जादू ओसरली?
प्रश्नचिन्ह टाकलं,
तेवढंच माझं सौजन्य.

(त्याच संघात ललित थापा नावाचा बुटका डावा बॅक होता.
माझ्या वहीत त्याचं नाव चुकीचं लिहिलेलं आहे.
त्याला कुणी पाहत नव्हतं, म्हणून तो चुकू शकला,
रोज, मनसोक्त, तीन वर्षं.
हल्ली तो पगार घेऊन खेळतो.)

परवाच्या जानेवारीत, रविवारी सकाळी सात वाजता,
कॅम्पातल्या एका मैदानावर दुय्यम गटाचा सामना.
पाहणारे आम्ही नऊ, एक कुत्रं धरून.
मधल्या फळीत एक दाढीवाला,
पळायचा कमी, बघायचा जास्त.
वीस मिनिटांनी ओळख पटली, तीही चेहऱ्यावरून नाही:
पाठीमागून चेंडू आला
आणि त्याने वाट दिली.

चिंचवडला औषधांच्या गोदामात रात्रपाळी करतो म्हणे.
सरळ इथेच येतो, डबा घेऊन.
डावा पाय आता उजव्याइतकाच बोलतो.
पोरांना ओरडत नाही, बोट दाखवतो,
आणि तिथे खरंच जागा असते.
एवढा चांगला तो तेव्हा नव्हता.
हे कुणीतरी लिहायला हवं,
असं वाटलं, आणि हात खिशाकडे गेला.

पाणी प्यायला तो रेषेपाशी आला.
माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे.
"वही काढताय का, सर?"
"नाही रे," म्हटलं, "चष्मा पुसतोय."
आणि मग खरंच पुसावा लागला.
"बरं," म्हणाला,
बाटली माझ्याच पायाशी ठेवली
आणि कॉर्नर घ्यायला गेला.