चौतिसाव्या पानावरचा मुलगा

कोकणीपुऱ्यात, पिठाच्या गिरणीच्या माडीवर
गांगुर्डेबाईंचं वाचनालय. दुपारी दोन ते पाच.
एकशे बारा पुस्तकं, दोन सतरंज्या,
आणि सगळ्यावर पिठाची पातळ साय.
पुस्तक उघडलं की आधी शिंकायचं,
मग वाचायचं.

मला बोलावलं होतं, चित्रकार म्हणून.
मी नेलं होतं माझंच पुस्तक, सणांचं.
दिवाळी आठ पानं. गणपती सहा.
ईद एक.
पान चौतीस : चंद्रकोर, हिरवा घुमट, शिरखुर्म्याची वाटी,
आणि पांढऱ्या टोपीतला एक मुलगा,
वाटी पुढे करून हसणारा.

मुबश्शिरा, इयत्ता चौथी, पुढचा एक दात बेपत्ता,
पान नाकाशी नेऊन बघत राहिली.
"ह्याचं नाव काय?"
मी मजकूर चाळला. नाव नव्हतंच.
"मित्र आहे तो," मी म्हणाले.
"कुणाचा?"
"पुस्तकातल्या मुलाचा."
"आणि ईद झाली की कुठं जातो?"

खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता.
पान पस्तिसावर नाताळ सुरू होतो,
हे खरं होतं, पण उत्तर नव्हतं.

मग सतरंजीवरून सगळे एकदम बोलू लागले.
उजैरला म्हणे टोपी कधी सापडतच नाही,
जुम्म्याला तो रुमालाला चार गाठी मारतो.
एकाचे अब्बा पिंपळगावला द्राक्षाच्या पेट्या भरतात,
घरी मात्र द्राक्षं आणत नाहीत, वास नको म्हणतात.
एकीच्या बकरीनं परिसर अभ्यास खाल्ला,
पान बारा ते वीस,
आणि परीक्षेला नेमकं तेच आलं.
"मला तर शिरखुर्मा आवडतच नाही,"
मुबश्शिरा म्हणाली,
"हा दात त्यातल्या खारकेनंच पडला."

घरी आले. त्या पानासाठी तेव्हा
हिरव्या रंगाची अख्खी बाटली संपवली होती मी.
नवा कागद घेतला. मुलगा काढला.
टोपी काढलीच नाही.
आणि हात थांबला :
आता हा ओळखू कसा येणार?

कुणाला ओळखू यायला हवा होता?
एकोणीस वर्षं चित्रं काढतेय मी.
माझ्या इतर मुलांच्या हातात पतंग असतात, खरचटलेले गुडघे असतात,
ओळखपत्र कुणाकडेच नसतं.

पुढच्या बुधवारी चित्र घेऊन गेले.
मुलगा खांद्यावर दळणाचा डबा घेऊन जिना चढतोय.
मुबश्शिरानं पाहिलं.
"चप्पल चुकली," म्हणाली.
"पट्ट्याला सेफ्टी पिन पाहिजे.
आणि डबा असा नाही धरत, झाकण सांडतं."
शाबासकी वगैरे काही नाही.
मी तिथंच बसून पिन काढली.

निघताना गांगुर्डेबाईंनी
ते सणांचं पुस्तक पुढं केलं.
चौतिसाव्या पानावर, मुलाच्या पायाशी,
पेन्सिलीनं, वेलांटी चुकवून :
उजैर शेख, बिल्ला नंबर सात.
मी पान उलटलं.
नाताळच्या झाडाआडून डोकावत होतं
एक छोटंसं डोकं,
केस उभे, जीभ बाहेर.
रंगपंचमीच्या पानावर तो भिजलेला होता.
शेवटच्या पानावर,
जिथं फक्त प्रकाशकाचा पत्ता होता,
तिथं तो पत्त्यावर पाय सोडून बसला होता,
शेजारी एक बकरी.

बाईंच्या वहीत नोंद होती :
पुस्तक खराब केले.
दंडाच्या रकान्यात
एक आडवी रेघ,
आणि तिच्यावर थोडं पीठ.